ओढ्याचे पाणी घेऊन मुंबईला

पहिला दिवस

यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीहून मुंबईला जाणाऱ्या माणसाच्या सामानात चिवड्याचा डबा, लोणच्याची बरणी, फार तर पाचदहा किलो तुरीची डाळ असते. माझ्या सामानात या वेळी थर्माकोलचा एक मोठा डबा होता आणि त्यात बर्फाच्या पिशव्यांमध्ये रोवून ठेवलेले बारा लिटर पाणी होते. मी शिक्षक, दिवाळीची सुट्टी लागली होती, पवईतील एका प्रयोगशाळेने नमुने तपासून देण्याचे कबूल केले होते आणि कांजूरमार्गला आत्या राहते, एवढ्या तीन गोष्टी जुळून आल्यामुळे हा प्रवास घडला.

हे पाणी आमच्या गावाजवळच्या एका जुन्या ओबीच्या पायथ्याशी पाझरते. कोळशापर्यंत पोहोचण्यासाठी वरची माती आणि दगड उचलून बाजूला जो डोंगर रचतात, त्याला आमच्याकडे लहानथोर सगळे ओबीच म्हणतात. ओव्हरबर्डन हा पूर्ण शब्द मी स्वतः एमएस्सी होईपर्यंत ऐकला नव्हता. आमच्या भागातल्या बहुतेक खाणींचे पाणी आम्लयुक्त नसते, ते जड असते आणि त्यात सल्फेट असते इतकेच. ईशान्येकडचा कोळसा सोडला तर भारतीय कोळशात गंधक एकंदरीत कमी आहे. तरीही एखाद्या थरात आणि मग एखाद्या ढिगात पायराइट हे गंधकाचे खनिज एकवटलेले सापडते, आणि एवढी एक झिरप एका ओढ्याचे वाटोळे करायला पुरते.

गेल्या उन्हाळ्यात ग्रामपंचायतीने तक्रार केली, तेव्हा पाहणीला आलेल्या माणसाने झिरपीच्या अगदी तोंडाशी सामू (पीएच; आकडा सातच्या जितका खाली तितके पाणी आम्लधर्मी) मोजला. तो ५.८ आला. सोडलेल्या पाण्याचा सामू ५.५ ते ९ यांच्यामध्ये असावा अशी मर्यादा आहे, तेव्हा पाणी नियमात बसते असे कागदावर लिहून तो निघून गेला. त्याने मापात लबाडी केली नव्हती. मीही त्याच जागी मोजले आणि तेवढेच आले. पाणी ग्लासात धरले तर पिण्याच्या पाण्यासारखे नितळ दिसत होते. पण तेच पाणी शंभर पावले खाली वाहत गेले की तळाचे दगड नारिंगी झालेले असतात आणि त्या पट्ट्यात ना बेडूक दिसतो ना शेवाळ.

नमुने घेताना पाच लिटरचे दोन कॅन पाण्याखाली बुडवून, आत हवेचा बुडबुडाही राहू न देता, पाण्यातच झाकण लावून बंद केले. धातूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेने पाठवलेल्या छोट्या बाटल्यांत आधीच नायट्रिक आम्लाचे थेंब होते. त्यांत पाणी गाळून भरले. शेवटच्या, एकेक लिटरच्या दोन बाटल्यांपैकी एक मात्र मी अर्धीच भरली, कारण वर्ध्याकडे जाणारी एसटी सुटायची वेळ झाली होती. ही माझी चूक, आणि पुढे तीच सगळ्यात उपयोगी पडली.

रात्री वर्ध्याहून सेवाग्राम एक्सप्रेस धरली. सकाळी कल्याण जवळ आले तेव्हा खिडकीतून उच्चदाब वाहिन्यांचे मनोरे दिसू लागले. चंद्रपूरहून कल्याणजवळच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर लांबीची एकदिश विद्युतवाहिनी १९९९ साली सुरू झाली आणि १५०० मेगावॉट वीज वाहून आणण्याची तिची क्षमता आहे. कोळसा आमच्याकडे जळतो, राख आमच्याकडे राहते आणि वीज या तारांमधून इकडे येते. हे मी रागाने लिहीत नाही, आत्याच्या घरातला पंखाही त्यावरच फिरत असेल. पण आमच्या ओढ्याचे पाणी मुंबईला दाखवायला आणणे मला त्या दिवशी फारसे विचित्र वाटले नाही.

कल्याणला उतरून धीम्या लोकलच्या मालडब्यात चढलो. थर्माकोलचा डबा पाहून टोपली घेऊन बसलेल्या एका कोळीणबाईंनी विचारले, "कुठली मासली आणलीस रं?" मी म्हटले, मासळी नाही, पाणी आहे. त्यांनी डब्याकडे आणि मग माझ्याकडे नीट पाहिले आणि पुढे काही विचारले नाही.

आत्याच्या मोरीत डबा उघडला. काठोकाठ भरलेले दोन्ही कॅन नितळ होते. अर्धी भरलेली बाटली मात्र पातळ केलेल्या काढ्यासारखी गढूळ नारिंगी झाली होती आणि तळाशी बोटभर साका बसला होता. पेनासारखा छोटा सामूमापक बुडवला तर आकडा ३.४ वर थांबला. एकाच झिरपीचे, एकाच दुपारी भरलेले पाणी, आणि मध्ये घडले काय, तर बाटलीत अर्धा लिटर हवा राहिली.

दुसरा दिवस

पवईच्या प्रयोगशाळेत ज्या बाईंकडे काम सोपवले होते त्यांनी पहिल्यांदा ती गढूळ बाटलीच हातात घेतली. "ही फेकून देऊ नका, वर्गात न्या," त्या म्हणाल्या.

पायराइट म्हणजे लोखंड आणि गंधक यांचे पितळी चकाकीचे संयुग. जमिनीखाली, हवेपासून दूर, ते लाखो वर्षे काही न करता पडून राहते. खणून वर काढले, फोडले आणि ढिगावर टाकले की हवा आणि पाणी त्याला भिडतात आणि त्याचे हिराकस आणि गंधकाम्ल होते. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, जुन्या शाईत घालायचे तेच. ते विरघळलेले असेपर्यंत पाणी स्वच्छ दिसते. पुढे हवेतील प्राणवायूने फेरस लोखंडाचे फेरिक होते, फेरिक लोखंड पाण्याशी संयोग पावून गंजासारख्या साक्याच्या रूपात खाली बसते, आणि तो साका बसतानाच पाण्यात नवे आम्ल सोडतो. अमेरिकेतल्या खाणकामगारांनी या साक्याला यलो बॉय असे नाव दिले आहे. पाणी आम्लधर्मी झाले की फेरसचे फेरिक होण्याचा वेग खरे तर मंदावतो. पण तिथे अ‍ॅसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स नावाचा जिवाणू नेमका सुखाने वाढतो आणि तेच काम लाखो पटींनी भराभर उरकतो. तयार झालेले फेरिक लोखंड ढिगात परत शिरले तर ते स्वतःच पायराइटला खाऊ लागते. म्हणून ही क्रिया एकदा पेटली की विझवणे अवघड जाते.

मी बाईंना ५.८ ची गोष्ट सांगितली. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सामू म्हणजे आज दारात उभा असलेला सावकार. आम्लता म्हणजे वहीतले सगळे देणे. तुमच्या माणसाने दारात कोण आहे तेवढे पाहिले."

ते देणे मोजण्याची रीत मी त्यांच्या शेजारी उभा राहून पाहिली. काठोकाठ भरलेल्या पाण्याचा ठरावीक भाग घेऊन त्यात थोडे गंधकाम्ल घातले, हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब टाकले आणि उकळी आणली. याचा हेतू असा की ओढ्यात पुढे काही तासांत जे घडणार ते चंचुपात्रातच पाच मिनिटांत घडवून आणायचे. पाण्याला तांबूस रंग आला. मग ते निववून सामू ८.३ होईपर्यंत ब्युरेटमधून थेंब थेंब कॉस्टिक सोडा सोडला आणि आधी घातलेल्या आम्लाचा हिशेब वजा केला. आम्लता निघाली लिटरला सुमारे २०० मिलिग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात. म्हणजे या पाण्याचे प्रत्येक लिटर पुढे जाऊन २०० मिलिग्रॅम चुनखडी खाणार. धातूंचे आकडे शुक्रवारी मिळतील असे सांगून बाईंनी मला वाटेला लावले.

दुपारी कांजूरच्या एका फरशीच्या दुकानातून संगमरवराचा चुरा आणला. संगमरवर म्हणजे मुळात चुनखडीच. पण बागेत घालायचे पांढरे खडे पुष्कळदा गारगोटीचे असतात, म्हणून खडा घासून त्यावर लिंबू पिळून बारीक बुडबुडे येतात का ते पाहूनच घेतले. दुकानदाराला हा प्रकार बिलकुल आवडला नाही. आत्याने लोणच्याच्या दोन काचेच्या बरण्या दिल्या. दोन्हींत सारखा चुरा भरला. एकीत पाणी ओतून ती उघडी ठेवली आणि रोज चारदा ढवळायची असे ठरवले, दुसरीत शिल्लक कॅनमधले पाणी नळीने तळापासून चढवत काठोकाठ भरले आणि झाकणाला मेण लावून टाकले. गॅलरीत तुळशीशेजारी त्यांची स्थापना झाली.

तिसरा दिवस

मशीद बंदरच्या गल्ल्यांत रसायने आणि रंग विकणाऱ्यांची जुनी दुकाने आहेत. हातगाड्या, पाठीवर पोती घेतलेले हमाल आणि "बाजू, बाजू" असा पुकारा यांतून वाट काढत मी चार दुकाने फिरलो. चुना किती लागेल हे विचारण्याआधी कोणता चुना हे ठरवावे लागते. १०० किलो शुद्ध चुनखडी जेवढे आम्ल मारते तेवढेच काम ७४ किलो विरलेला चुना करतो, ५६ किलो कळीचा चुना करतो आणि ८० किलो कॉस्टिक सोडा करतो. चुनखडी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात संथ. विरलेला चुना झटपट काम करतो, पण हात सैल पडला तर सामू ११ च्या वर जातो आणि ओढ्यातले जीव आम्लाऐवजी अल्काने मरतात; शिवाय तो रोज घालायला माणूस, ढवळायला वीज आणि साका बसवायला टाकी लागते. सुरू असलेल्या खाणीला हे परवडते. ज्या ढिगाकडे फिरकायलाही कोणी नाही, तिथे चुन्याची पोती किती दिवस उघडली जातील हे सांगायला नको.

एका दुकानात शांपू बनवणाऱ्यांसाठी सोडियम लॉरिल सल्फेटची पोती रचलेली होती. हाच पदार्थ कोळशाच्या टाकाऊ ढिगांवर फवारून त्या लोखंडखाऊ जिवाणूंना आवरता येते. पावसाने तो धुऊन जातो आणि पुन्हा फवारावा लागतो, म्हणून तो तात्पुरताच उपाय. पण ढीग माती टाकून झाकून होईपर्यंतचा काळ काढायला बरा.

मला खरे पाहायचे होते ते रंग. गल्लीच्या टोकाच्या दुकानात लोखंडाच्या ऑक्साइडची पिवळी, तांबडी, तपकिरी भुकटी पिंपात भरलेली होती. आमच्या ओढ्यातल्या साक्याचा कागदावर वाळवलेला नमुना मी खिशातून काढला. दुकानाच्या मालकांनी चिमूट अंगठ्यावर घासली, उजेडात धरली आणि निकाल दिला, "पिवला हाय, पण मळका हाय. धुवून, चाळून आणा, मग बोलू." ते सहज बोलले असतील, पण अमेरिकेच्या ओहायो विद्यापीठात जॉन सॅब्रॉ हे चित्रकार आणि गाय रीफलर हे अभियंता यांनी खाणीच्या आम्लपाण्यातले लोखंड वेगळे काढून, धुऊन, भाजून त्याचे तैलरंग बनवले आहेत आणि ते विकलेही जातात. पिवळा साका भाजला की तांबडा होतो. आपल्या गेरूचे रसायन हेच. साक्याच्या विक्रीतून शुद्धीकरणाचा सगळा खर्च निघेल असे मला वाटत नाही, पण ज्याला आपण कचरा म्हणून खड्ड्यात पुरणार, त्याचे पोते कोणी उचलून नेले तर तेवढे ओझे हलके होते.

परतताना हार्बरने चेंबूरला मामेभावाकडे गेलो. त्याच्या गच्चीवरून ट्रॉम्ब्याच्या वीजकेंद्राची धुरांडी दिसतात. तोच गंधक कोळशाबरोबर जळला की धुरातून जातो आणि त्याचेही आम्लच होते. मुंबईच्या उपनगरांना वीज देणाऱ्या डहाणूच्या केंद्रात हा धूर समुद्राच्या पाण्याने धुतात, कारण समुद्राच्या पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटमुळे आम्ल मारण्याची शक्ती मुळातच असते. आमच्याकडे समुद्र नाही. पण वणीजवळ राजूरला चुनाभट्ट्या आहेत आणि चुनखडीचा पट्टा तर कोळशाला अगदी खेटून आहे. रोग आणि औषध एकाच तालुक्यात असताना मी मशीद बंदरला चुन्याचा भाव विचारत फिरलो, हे भावाला सांगितले तेव्हा तो बराच वेळ हसत होता.

चौथा दिवस

मुलुंडला एक निवृत्त भूवैज्ञानिक राहतात. ते वडिलांचे मित्र, म्हणून मी त्यांना काका म्हणतो. मेघालयात आणि आसामात त्यांची अनेक वर्षे गेली. त्यांच्याकडे तासाभरासाठी गेलो आणि संध्याकाळी सातला उठलो.

काकांनी जैंतिया टेकड्यांपासून सुरुवात केली. तिथे कोळशाचे थर पातळ, त्यांत गंधक जास्त, आणि उंदराच्या बिळासारख्या आडव्या भोकांत माणसे सरपटत जाऊन तो खणतात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने एप्रिल २०१४ मध्ये या खाणकामाला बंदी घातली. तरी १३ डिसेंबर २०१८ रोजी क्सान येथे अशाच एका खाणीत पाणी घुसून १५ कामगार अडकले, आणि जुलै २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेघालय सरकारला १०० कोटी रुपये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे भरण्याचा आदेश कायम ठेवला. लुखा नदी हिवाळ्यात निळीशार होते आणि मासे मरतात. "फोटोत फार सुंदर दिसते," काका म्हणाले, आणि पुढे बराच वेळ बोलले नाहीत.

मग ते कोपिलीवर आले. आसाम-मेघालयाच्या सीमेवरच्या या नदीवर जलविद्युत केंद्र आहे. वरच्या अंगाच्या कोळसाखाणींतून आलेल्या आम्लपाण्याने टर्बाइनची पाती, झडपा आणि नळ खाऊन टाकले, दुरुस्तीवर दुरुस्त्या झाल्या, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये पाणी वाहून नेणारा मोठा नळ फुटून केंद्रात पाणी शिरले. नंतर तिथे आम्लाला दाद न देणाऱ्या पोलादाचे भाग बसवावे लागले. कोळसा खणणाऱ्याने जो खर्च वाचवला तो खालच्या अंगाच्या वीजकेंद्राने भरला.

काकांचे ठाम मत असे की पाणी बाहेर आल्यावर शुद्ध करणे हा पराभवानंतरचा तह आहे. लढाई ढीग रचतानाच जिंकावी किंवा हरावी लागते. ओबी उतारावर डंपरने ओतली की मोठे धोंडे घरंगळत तळाशी जातात आणि तळात हवेला मोकळ्या वाटा राहतात. आत पायराइट जळू लागले की ढीग तापतो, गरम हवा वर जाते आणि खालून ताजी हवा ओढली जाते. "तुम्ही ढीग रचत नाही, धुरांडे बांधता," ते म्हणाले. त्याऐवजी आधी भोके पाडून कोणत्या थरात किती गंधक आहे ते मोजावे. दगडात पायराइटच्या रूपातला गंधक एक टक्का असेल तर त्या १००० टन दगडामागे ३१.२५ टन चुनखडी लागते; हा आकडा काकांनी मला दोनदा लिहायला लावला. दगडात मूळचीच चुनखडी तेवढी असेल तर चिंता नाही, नसेल तर बाहेरून मिसळावी. किंवा तो थर वेगळा काढून रिकाम्या खाणीत भूजलाच्या पातळीखाली पुरावा, कारण पाण्यातून प्राणवायू हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पटींनी हळू पसरतो. वर चिकणमाती दाबून बसवावी. सिंगरौलीजवळच्या गोरबी खाणीतले आम्लपाण्याचे खड्डे वीजकेंद्राच्या राखेने भरले जात आहेत, त्याकडे त्यांचे लक्ष होते. राखेबद्दल मात्र ते सावध होते: प्रत्येक राख अल्कधर्मी नसते, तपासल्याशिवाय घातली तर एका धातूच्या जागी दुसरा पाझरेल.

आमचा ढीग तर वीस वर्षांपूर्वीच रचून झाला आहे. तेव्हा तह कसा करायचा तेवढे बोलू, असे मी म्हटले. काकांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर एक आडवा चर काढला. पाणी हवेला भिडण्याआधीच जमिनीखाली अडवायचे, चुनखडीच्या खड्यांनी भरलेल्या आणि वरून प्लास्टिक व चिकणमातीने बंद केलेल्या चरातून न्यायचे. आत हवा नाही, म्हणून लोखंड फेरसच राहते, खड्यांवर गंजाचा लेप बसत नाही आणि चुनखडी विरघळत राहते. असा पहिला चर १९८८ च्या सुमारास अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात झाला. पाणी चरातून बाहेर आल्यावर उथळ तळ्यात हवेशी मिळते आणि साका तिथे, आपल्या सोयीच्या जागी, बसतो. अट एवढीच की पाण्यात प्राणवायू, फेरिक लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम जवळजवळ नसावे. अ‍ॅल्युमिनियमचा साका पांढऱ्या चिकासारखा असतो आणि चर आतून बुजवून टाकतो.

"आणि वीस वर्षांनी?" मी विचारले. "खडी संपेल. तेव्हा ओढ्याकडे पाहणारा कोण असेल ते आज ठरवून, त्याच्या नावाने पैसे बांधून ठेव. हे चित्र काढणे सोपे आहे," काका म्हणाले. काकूंनी तोवर साबुदाण्याची खिचडी आणली.

पाचवा दिवस

सकाळी बरण्या पाहिल्या. उघड्या बरणीतल्या खड्यांवर नारिंगी साल चढली होती. नखाने खरवडली तर खाली पांढरा दगड जसाच्या तसा होता, पण पाण्याला आता तो दिसतच नव्हता. सामू ४.६ वर अडला होता. बंद बरणीतले खडे आणले तेव्हासारखेच पांढरे आणि पाणी नितळ. झाकण उघडताक्षणी मोजले, ६.५. ते पाणी आत्याच्या स्टीलच्या परातीत ओतले. अर्ध्या तासात त्यावर मेंदीच्या रंगाचा तवंग आला, दुपारपर्यंत साका खाली बसला आणि वरचे पाणी पुन्हा स्वच्छ झाले, सामू ६.३, त्याखाली तो गेला नाही. आत्याने परातीकडे पाहून विचारले, "आता ही घासून निघेल ना?" निघाली, पण चिंच लागली.

पवईला बाईंनी कागद हातात दिला: लोखंड लिटरला ११० मिलिग्रॅम, जवळजवळ सगळे फेरस, अ‍ॅल्युमिनियम नगण्य. सोडण्याच्या पाण्यात लोखंड ३ मिलिग्रॅमपर्यंत चालते. पाहणीच्या कागदावर या रकान्यात गेल्या उन्हाळ्यात आडवी रेघ होती.

तिथल्याच बाकावर बसून हिशेब केला. झिरपीखाली दहा लिटरची बादली वीस सेकंदांत भरते, म्हणजे दिवसाला ४३,२०० लिटर. रोज ८.६ किलो, वर्षाला सुमारे ३.१५ टन चुनखडी विरघळणार. वीस वर्षांची ६३ टन. खडी ९० टक्के शुद्ध धरली तर ७० टन. शिवाय वीस वर्षांनंतरही पाण्याने चरात निदान पंधरा तास राहायला हवे, त्यासाठी २७ घनमीटर पोकळी, म्हणजे निम्मी पोकळी धरून ५४ घनमीटर खडी, वजनाने आणखी ८६ टन. एकूण १५६ टन. तळ्यात रोज ९ किलो कोरडा साका, ओला याच्या कितीतरी पट, तो वर्षातून एकदा काढावा लागेल. बाईंनी आकडे तपासले आणि दहा लिटरची बादली भर पावसाळ्यात पुन्हा एकदा लावून पाहायला सांगितले.

रात्री कल्याणला गाडीची वाट पाहत असताना राजूरच्या एका भट्टीवाल्यांना फोन केला. दहा टनी सोळा ट्रक, मुठीएवढी चुनखडी, कच्ची.

"कच्ची म्हणजे? भाजायची नाही?"

"नाही."

"मग गुरुजी, भट्टीवर कशाले फोन केला? खदानीचा नंबर देतो, लिहून घ्या."